'आमचे' म्हणजे कोणाचे? : चाहत्या स्त्रियांच्या एका दप्तरखान्याचा इतिहास

वाङ्मयाच्या इतिहासात लेखकाला जागा असते, समीक्षकाला असते, अलीकडे प्रकाशकाला आणि ग्रंथविक्रेत्यालाही थोडीफार मिळू लागली आहे. वाचकाला मात्र ती 'वाचकवर्ग' या समूहवाचक नामापुरतीच मिळते. त्यातही जो वाचक एखाद्या कलाकृतीच्या इतका आहारी गेलेला असतो, की ती संपल्यावर तिचे पुढचे प्रकरण स्वतःच लिहायला बसतो, त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी कौतुकाची कमी आणि उपहासाची अधिक असते. असा वाचक स्त्री असेल तर या उपहासाला आणखी धार चढते. पुरुषाचे वेड हा त्याचा व्यासंग मानला जातो, स्त्रीचे वेड हे वेडच राहते.

प्रस्तुत लेखात अशा 'वेड्या' स्त्रियांच्या सुमारे साठ वर्षांच्या इतिहासाचा एक धागा उलगडून पाहायचा आहे. हा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेत आणि इंग्रजी भाषेत घडला. त्याचे मध्यवर्ती स्थळ म्हणजे 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे २००९ साली सर्वांसाठी खुले झालेले संकेतस्थळ. दुसऱ्याच्या कथेतील पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथांना इंग्रजीत 'फॅनफिक्शन' म्हणतात. या दप्तरखान्यात आज अशा एक कोटीहून अधिक कृती साठवलेल्या आहेत, आणि त्या लिहिणाऱ्यांत, जपणाऱ्यांत आणि साठवणुकीची यंत्रणा बांधणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा केवळ तंत्रज्ञानाचा विषय वाटू नये. लिहिण्याचे साधन कोणाच्या मालकीचे, लिहिलेले कोण जपते, आणि 'आमचे' असे म्हणताना त्या सर्वनामात कोणाकोणाचा समावेश होतो, हे तीन प्रश्न कोणत्याही वाङ्मयपरंपरेला लागू पडतात. येथे ते विलक्षण स्पष्टपणे समोर येतात, एवढेच.

१. सायक्लोस्टाईलचे दिवस

'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. दुसऱ्या पर्वातच ती बंद पडण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा बीजो ट्रिम्बल या स्त्रीने आपले पती जॉन यांच्यासह देशभरातील प्रेक्षकांना पत्रे लिहायला लावण्याची मोहीम उभारली. पत्रे कशी लिहावीत, कोणाला लिहावीत, याच्या सूचना टपालाने हातोहात पसरत गेल्या. अखेर १ मार्च १९६८ रोजी मालिका चालू राहणार असल्याची घोषणा वाहिनीला पडद्यावरूनच करावी लागली. चाहत्यांची संघटित शक्ती म्हणून या घटनेचा उल्लेख नेहमी होतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या मोहिमेने स्त्रियांच्या हाती पत्त्यांची एक यादी दिली आणि त्या यादीवर पुढे एक लेखनसंस्कृती उभी राहिली.

तिची सुरुवात मोहिमेच्या आधीच झाली होती. सप्टेंबर १९६७ मध्ये डेव्हरा लँगसम आणि शेर्ना कॉमरफर्ड या दोघींनी 'स्पॉकनेलिया' नावाचे नियतकालिक काढले. केवळ 'स्टार ट्रेक'ला वाहिलेले हे पहिले 'फॅनझीन'. विज्ञानकथांच्या चाहत्यांची अशी पत्रके १९३० च्या दशकापासून निघत होती, पण त्या जगावर पुरुषांचा वरचष्मा होता. 'स्टार ट्रेक'च्या निमित्ताने संपादन, लेखन, चित्रे, छपाई आणि टपाल ही सारी कामे मुख्यतः स्त्रियांच्या हाती आली. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाईल यंत्रावर प्रती काढायच्या, त्या टाचायच्या आणि कागद व टपालाचा खर्च निघेल एवढ्याच किमतीला द्यायच्या, असा हा व्यवहार होता. आपल्याकडे साठोत्तरी लघुअनियतकालिके याच काळात आणि याच यंत्रावर निघत होती. मुद्रणाची साधने ज्यांच्या हाती नाहीत, त्यांच्यासाठी सायक्लोस्टाईल हा दोन्हीकडे आधार होता. मात्र आपल्याकडील त्या चळवळीची पुढे इतिहासात नोंद झाली. या स्त्रियांच्या पत्रकांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष जायला बराच काळ जावा लागला.

या पत्रकांतून स्त्रियांनी काय लिहिले? मालिकेत ज्याला जागा नव्हती ते लिहिले. नायक-नायिकांचे अंतर्मन, मैत्री, आजारपण, शुश्रूषा, दुःख. १९७४ साली ऑस्ट्रेलियातील डायेन मार्चंट हिची 'अ फ्रॅगमेंट आउट ऑफ टाइम' ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांमधील प्रणयसंबंध सूचित करणारी ही पहिली प्रकाशित कथा समजली जाते. दोन नावांमध्ये घातलेल्या तिरक्या रेघेवरून या प्रकाराला पुढे 'स्लॅश' असे नाव पडले. स्त्रियांनी दोन पुरुषांच्या प्रेमाविषयी इतक्या तन्मयतेने का लिहावे, हा प्रश्न अनेकांना पडला. कादंबरीकार आणि स्त्रीवादी समीक्षक जोआना रस हिने १९८५ साली त्यावर निबंध लिहिला. प्रेमात एकाने वरचढ आणि दुसऱ्याने दुय्यम असण्याची जी सक्ती स्त्री-पुरुष संबंधांच्या रूढ चित्रणात असते, तिच्यातून सुटलेले, समान पातळीवरचे प्रेम या लेखिका कल्पित होत्या, असा तिच्या विवेचनाचा आशय आहे. ज्याला लोक विकृती म्हणत होते, त्यात तिला एक सामाजिक टीका दिसली.

या जगाला स्वतःची अंतर्गत समीक्षाही होती, आणि ती नेहमीच उदार नव्हती. १९७३ साली पॉला स्मिथ हिने 'मेनॅजरी' या पत्रकात 'अ ट्रेकीज टेल' नावाचे एक लहानसे विडंबन लिहिले. त्यातील मेरी सू ही अवघ्या साडेपंधरा वर्षांची, सर्वगुणसंपन्न लेफ्टनंट. नवशिक्या लेखिका स्वतःचेच आदर्श रूप कथेत आणून बसवतात, यावर ते बोट होते. विडंबन नेमके होते, पण पुढे 'मेरी सू' हे अस्त्र झाले. एखादी मुलगी आपल्या कथेत कर्तबगार नायिका आणू लागली की तिला हे नाव ऐकावे लागे. कालांतराने चित्रपटांतील आणि कादंबऱ्यांतील कोणत्याही समर्थ नायिकेला हिणवण्यासाठी ते सर्रास वापरले जाऊ लागले. सर्वगुणसंपन्न नायकांची परंपरा मात्र तशीच निर्वेध चालू राहिली. स्त्रियांनी स्वतःच्या वर्तुळात केलेली थट्टा बाहेर पडल्यावर स्त्रियांवरच कशी उलटते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

लेखनाबरोबर यंत्रावरचे प्रभुत्वही या स्त्रियांनी मिळवले. १९७५ साली कँडी फाँग हिने मालिकेच्या टाकून दिलेल्या फिल्मच्या तुकड्यांतून पारदर्शिका तयार केल्या आणि गाण्याच्या साथीने त्यांचा खेळ दाखवला. चित्रफितीच्या यंत्रांचा प्रसार झाल्यावर स्त्रियांनी घरबसल्या दोन-दोन यंत्रे जोडून, सेकंदाच्या हिशेबाने दृश्ये निवडून, गाण्यांच्या आधारे मालिकांचे नवे अर्थ रचायला सुरुवात केली. फ्रान्सेस्का कोपा हिने २००८ मध्ये या परंपरेचा इतिहास लिहिला तेव्हा तिचे तांत्रिक कौशल्य पहिल्यांदाच नीट नोंदले गेले. तंत्रज्ञान हे पुरुषांचे क्षेत्र असल्याच्या समजुतीला स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत किती वर्षे छेद जात होता, हे त्यावरून कळते.

२. जागा मिळाली, मालक दुसराच

१९९० च्या दशकात हे सारे लेखन आंतरजालावर आले. टपालाचा खर्च वाचला, वय आणि देश यांची बंधने सैल झाली, आणि नवी परिभाषा घडू लागली. 'द एक्स-फाइल्स' या मालिकेच्या चाहत्यांत, दोन प्रमुख पात्रांमध्ये प्रेमसंबंध जुळावा असे मानणारा एक गट होता. 'रिलेशनशिप' या शब्दावरून त्यांना 'शिपर' म्हणू लागले. आज जगभरातील मुली सहजपणे वापरतात तो 'शिप' शब्द या वादातून जन्माला आला.

१९९८ साली 'फॅनफिक्शन डॉट नेट' हे मोठे संकेतस्थळ सुरू झाले. कोणीही यावे आणि लिहावे, अशी सोय प्रथमच झाली. पण २००२ मध्ये चालकांनी प्रौढांसाठीच्या लेखनावर बंदी घातली आणि अशा कथा तेथून काढल्या गेल्या. ज्यांनी प्रत जपून ठेवली नव्हती, त्यांचे लेखन गेले. घर सजवले तरी ते भाड्याचे आहे, याची ही पहिली मोठी जाणीव होती.

दुसरी जाणीव कायद्याच्या बाजूने आली. हॅरी पॉटरच्या चित्रपटांचे हक्क घेतलेल्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने २००० च्या अखेरीस चाहत्यांच्या संकेतस्थळांना नोटिसा पाठवायला सुरुवात केली. नोटीस मिळालेल्यांत शाळकरी मुले-मुलीही होती. त्यांच्या बाजूने उभी राहिली ती हेदर लॉव्हर ही अमेरिकन किशोरी. ती स्वतः 'द डेली प्रॉफेट' नावाचे एक काल्पनिक शालेय वृत्तपत्र आंतरजालावर चालवत होती आणि निरनिराळ्या देशांतील मुले त्यात वार्ताहर म्हणून लिहीत होती. तिने २००१ मध्ये बहिष्काराची मोहीम उभारली, वृत्तपत्रांना मुलाखती दिल्या, आणि कंपनीला आपले धोरण सौम्य करावे लागले. हेन्री जेन्किन्स यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकात या लढ्याची सविस्तर दखल घेतली. शाळकरी मुलीच्या हाती संघटनकौशल्य कोठून आले, या प्रश्नाचे उत्तर चाहतेपणातच आहे. वृत्तपत्र चालवता चालवता ती लोक जोडायला शिकली होती.

याच काळात 'लाइव्हजर्नल' या अनुदिनी-संकेतस्थळावर चाहत्या स्त्रियांनी मोठ्या संख्येने वस्ती केली. १९९९ साली सुरू झालेल्या या ठिकाणी खाजगी रोजनिशी, कथा, समीक्षा आणि वादविवाद एकाच जागी शक्य होते. टोपणनावाने लिहिता येत होते, आणि कोणती नोंद कोणाला दिसावी हे ठरवता येत होते. शिक्षिका, ग्रंथपाल, सरकारी नोकर अशा अनेकींना टोपणनाव ही चैन नव्हती. नोकरी आणि प्रतिष्ठा सांभाळून लिहिण्याची ती अट होती. कथेखालच्या चर्चेत स्त्रीवादाची परिभाषा आली, शरीर, लैंगिकता, संमती यांवर लिहिले गेले. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेल्या अनेक तरुणी येथे वाङ्मयीन वाचनाची शिस्त शिकल्या.

३. मे २००७

या इतिहासातील निर्णायक महिना मे २००७ हा आहे. त्या महिन्यात दोन घटना एकमेकींना लागून घडल्या.

पहिली घटना 'फॅनलिब'ची. सुमारे ३० लाख डॉलर भांडवल घेऊन उतरलेल्या या कंपनीला चाहत्यांच्या लेखनातून व्यवसाय उभा करायचा होता. लेखिकांनी कथा फुकट द्यायच्या, जाहिरातींचा नफा कंपनीने घ्यायचा, आणि स्वामित्वहक्काचा दावा झालाच तर जबाबदारी मात्र लेखिकांवर, असा या योजनेचा मथितार्थ चाहत्यांनी काढला. कंपनीच्या संचालकांत एकही स्त्री नव्हती, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. चाळीस वर्षे स्त्रियांनी परस्परांना भेट म्हणून दिलेले लेखन आता पुरुषांच्या एका मंडळाचा कच्चा माल ठरणार होते. १७ मे रोजी 'ॲस्टोलॅट' या टोपणनावाच्या लेखिकेने 'ॲन आर्काइव्ह ऑफ वन्स ओन' या शीर्षकाची एक नोंद लिहिली. आपल्याला आपल्याच मालकीचे, नफ्याचा हेतू नसलेले, जाहिरातमुक्त आणि कायद्यापुढे मान खाली न घालणारे कोठार हवे, असा तिचा प्रस्ताव होता.

शीर्षकाचा संदर्भ इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. व्हर्जिनिया वूल्फने १९२८ साली केंब्रिजमधील स्त्रियांच्या दोन महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांवरून 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे पुस्तक १९२९ मध्ये सिद्ध झाले. स्त्रीला लिहायचे असेल तर तिला वर्षाकाठी पाचशे पौंड आणि कुलूप असलेली खोली हवी, हा त्यातील युक्तिवाद प्रसिद्धच आहे. येथे खोलीच्या जागी कोठार आले. हा बदल लहान नाही. खोली एकटीची असते आणि लिहिण्यापुरती असते. कोठार अनेकींचे असते आणि लिहून झाल्यानंतरचा प्रश्न हाती घेते.

दुसरी घटना त्याच महिन्याच्या शेवटी घडली. २९ आणि ३० मे रोजी 'लाइव्हजर्नल'ने बाहेरच्या एका गटाच्या तक्रारींवरून सुमारे ५०० खाती आणि चर्चागट एकाएकी बंद केले. बालकांच्या लैंगिक शोषणाला आळा घालणे हे कारण देण्यात आले. निवड मात्र आवडीनिवडीच्या रकान्यात लिहिलेल्या शब्दांवरून झाली. परिणामी हॅरी पॉटरविषयीचे कथागट गेले, नाबोकोव्हच्या 'लोलिता'वर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा गट गेला, आणि ज्यांनी स्वतः अत्याचार सोसले होते त्यांचे आधारगटही गेले. बंद खात्यांच्या नावांवर आडवी रेघ दिसत असे, म्हणून या घटनेला 'स्ट्राइकथ्रू' म्हणतात. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, बरीच खाती परतही दिली. पण धडा मिळायचा तो मिळाला होता. अत्याचाराविषयी लिहिणे आणि अत्याचार करणे यांतील भेद ज्याला करता येत नाही, किंवा करण्याची सवड नाही, अशा मालकाच्या हाती आपली स्मृती सोपवायची काय?

४. बांधकाम

सप्टेंबर २००७ मध्ये 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. कादंबरीकार नेओमी नोविक, अभ्यासक फ्रान्सेस्का कोपा, कायद्याच्या प्राध्यापक रेबेका टशनेट या तिच्या संस्थापकांपैकी होत. आपली परंपरा प्रामुख्याने स्त्रियांची आहे, हे संस्थेने आपल्या मूल्यांच्या निवेदनात उघडपणे नमूद केले.

प्रत्यक्ष बांधकाम स्त्रियांनीच केले. अनेकींनी या कामासाठी संगणकाची भाषा प्रथमच शिकून घेतली. २००९ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या एका मोठ्या परिषदेतील बीजभाषणात या प्रकल्पाचा दाखला देण्यात आला. मुक्तस्रोताच्या क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण जेमतेम दीड टक्का असताना, येथे सुमारे ६०,००० ओळींची संहिता लिहिणाऱ्या वीसएक जणींत एकही पुरुष नव्हता. १४ नोव्हेंबर २००९ रोजी दप्तरखाना सर्वांसाठी खुला झाला. नाव ठेवताना मूळ शीर्षकातील 'वन्स'च्या जागी 'अवर' आले. यंत्रे संस्थेने स्वतः विकत घेतली. खर्च देणग्यांवर चालतो, जाहिरात नाही.

दप्तरखान्याची वर्गीकरणपद्धती ग्रंथपालनशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. लेखिकेने आपल्या कथेला हवे ते वर्णनशब्द लावावेत. मग स्वयंसेवक कार्यकर्त्या मागाहून समानार्थी शब्द एका प्रमाण शब्दाशी जोडतात. म्हणजे लेखिकेचा शब्द पुसला जात नाही आणि वाचकाचा शोधही अडत नाही. आशयाबाबतचे धोरण २००७ च्या अनुभवातून घडले: कथा काढून टाकायची नाही, वाचकाला आधी सूचना द्यायची. तीव्र हिंसा, प्रमुख पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचा लैंगिक संबंध या बाबींची पूर्वसूचना द्यायची, किंवा सूचना देणार नाही असे तरी स्पष्ट सांगायचे. आज अध्यापनात आणि प्रसारमाध्यमांत आशयाची पूर्वसूचना देण्याची जी पद्धत रुळली आहे, तिच्या जडणघडणीत स्त्रियांच्या या वर्तुळांतील वादविवादांचा मोठा भाग आहे.

दप्तराबरोबर इतर शाखा उभ्या राहिल्या. सप्टेंबर २००८ मध्ये कॅरेन हेलेक्सन आणि क्रिस्टीना बुसी यांच्या संपादनाखाली 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स अँड कल्चर्स' हे संशोधनपर नियतकालिक निघाले. चाहत्यांचा इतिहास नोंदवणारा 'फॅनलोर' हा विकी सुरू झाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने अव्यावसायिक चित्रफितींसाठी कुलूपबंद तबकड्यांतील दृश्ये उतरवून घेण्याची सूट दिली, त्यामागे संस्थेच्या प्रतिनिधींची साक्ष होती. दरम्यान व्यापारी संकेतस्थळे एकामागून एक मिटत होती. ऑक्टोबर २००९ मध्ये 'जिओसिटीज' बंद झाले, डिसेंबर २०१८ मध्ये 'टम्ब्लर'ने प्रौढ आशयावर बंदी घातली, २०१९-२० मध्ये 'याहू ग्रुप्स'मधील वीस वर्षांचा पत्रव्यवहार पुसला गेला. प्रत्येक वेळी चाहत्या स्त्रिया रात्री जागून जे हाती लागेल ते वाचवत होत्या. ॲबिगेल दे कोस्निक हिने २०१६ च्या ग्रंथात अशा स्वयंघोषित दप्तरदारांना इतिहासलेखनाच्या चर्चेत आणले, ते योग्यच झाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये डब्लिन येथे या दप्तरखान्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्कार स्वीकारताना नोविक यांनी सभागृहातील दिवे लावायला सांगून, स्वतःला या समूहाचा भाग मानणाऱ्या सर्वांना उभे राहण्याची विनंती केली. त्यानंतर हजारो लेखिका गमतीने स्वतःला ह्यूगोविजेत्या म्हणवू लागल्या, तेव्हा पुरस्कार देणाऱ्या संघटनेला खुलासा करावा लागला, की पुरस्कार दप्तरखान्याला आहे, प्रत्येक कथेला नाही. 'आमचे' या शब्दाचा अर्थ कायद्याच्या भाषेत किती अवघड होतो, हे त्यातून दिसले.

५. सर्वनामाची परीक्षा

परंतु या सर्वनामाची खरी परीक्षा त्याआधीच सुरू झाली होती. जानेवारी २००९ मध्ये, म्हणजे दप्तरखाना खुला होण्यापूर्वी दहा महिने, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांच्या वाचक-लेखकांत एक प्रदीर्घ वाद पेटला. गोऱ्या लेखकांनी इतर वंशांची पात्रे कशी रंगवावीत, या चर्चेतून त्याची सुरुवात झाली. आक्षेप घेणाऱ्या कृष्णवर्णीय आणि आशियाई वाचकांना अतिसंवेदनशील, अडाणी, बेशिस्त ठरवण्यात आले, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या वर्तुळाचे पितळ उघडे पडले. हा वाद 'रेसफेल' या नावाने ओळखला जातो.

या वादातील एक महत्त्वाचा निबंध भारतीय वाचकाने लिहिलेला आहे. दीपा डी. या नावाने १३ जानेवारीच्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या लेखाचे शीर्षक 'आय डिडन्ट ड्रीम ऑफ ड्रॅगन्स'. इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्या भारतीय मुलाची कल्पनाशक्तीच परक्या भूगोलात कशी घडते, आणि 'तुमच्या कथा तुम्हीच लिहा' हा सल्ला भाषा, बाजारपेठ आणि वसाहतीचा इतिहास विसरून कसा दिला जातो, हे त्यात मांडले आहे. मराठी माध्यमातून इंग्रजी वाङ्मयाकडे गेलेल्या कोणालाही हा प्रश्न परका वाटणार नाही. वादातून काही ठोस कामही निघाले: वर्णभेद सोसणाऱ्या चाहत्यांना संमेलनांना जाता यावे म्हणून 'कॉन ऑर बस्ट' हा साहाय्यनिधी त्याच वर्षी सुरू झाला. 'द लास्ट एअरबेंडर' या चित्रपटात आशियाई वळणाच्या पात्रांसाठी गोरे नट निवडल्याच्या निषेधातून 'रेसबेंडिंग' ही चळवळ आणि तो शब्दही याच सुमारास पुढे आला.

दप्तरखान्याच्या दृष्टीने पेच असा होता. 'काहीही काढायचे नाही' हे तत्त्व पुसले जाण्याच्या भीतीतून जन्माला आले होते, आणि ती भीती खरी होती. पण पुसले जाण्याची भीती ज्यांना होती, त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गोऱ्या होत्या. त्यांना धोका बाहेरून होता. कृष्णवर्णीय वाचिकेला धोका आतूनही होता: तिच्या आवडत्या पात्राला गुलामाच्या भूमिकेत रंगवणारी कथा, तिच्या आक्षेपावर तुटून पडणारा जमाव. मृत्यू आणि बलात्कार यांची पूर्वसूचना देणाऱ्या व्यवस्थेत वंशद्वेषाची पूर्वसूचना नव्हती. भारतीय अभ्यासक रुक्मिणी पांडे हिने 'स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स' या २०१८ च्या ग्रंथात नेमके हेच दाखवले, की चाहत्यांचे जग 'स्त्रियांचे आणि म्हणून प्रगतिशील' असे गृहीत धरणाऱ्या संशोधनानेही वंशाचा प्रश्न अपवादासारखा कडेला ठेवला. जून २०२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे आंदोलन अमेरिकेत पेटलेले असताना संस्थेने सुधारणांचे आश्वासन देणारे निवेदन काढले. त्यांची पूर्तता पुरेशी झाली नाही, म्हणून मे २०२३ मध्ये चाहत्यांनीच संस्थेविरुद्ध मोहीम हाती घेतली.

येथे घाईने निवाडा करणे सोपे आहे आणि म्हणून टाळावे. संचालकांना निवडून काढण्याचा अधिकार दिला की तो उद्या कोणाच्या हाती जाईल, हा संस्थेचा प्रश्न खोटा नाही. पण जे सर्वांना सारखे लागू आहे ते सर्वांना सारखेच बोचते असे नाही, हा आक्षेपही तितकाच खरा आहे.

६. एकाच वर्षातील दोन चेहरे

चाहतेपणा आणि सामाजिक न्याय यांचे नाते सरळ नाही, याचा पुरावा २०२० या एकाच वर्षात मिळतो.

त्या वर्षी जूनमध्ये बीटीएस या कोरियन गायकवृंदाने आणि त्याच्या कंपनीने कृष्णवर्णीयांच्या आंदोलनाला १० लाख डॉलर दिल्याचे जाहीर झाले. त्याच्या चाहत्यांनी, ज्यांत तरुणींचा भरणा मोठा आहे, साधारण एका दिवसात तेवढीच रक्कम गोळा करून दिली. आंदोलकांची माहिती पोलिसांना कळवण्यासाठी डॅलस शहरात एक साधन उपलब्ध होते. ते चाहत्यांनी गायकांच्या चित्रफितींनी भरून टाकले आणि ते काही काळ बंद पडले. आवडत्या गायकाचे गाणे अग्रक्रमाला नेण्यासाठी कमावलेले कसब येथे राजकीय कृतीत उतरले. बीजो ट्रिम्बलच्या टपालयादीची ही पणती म्हणता येईल.

पण त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला चीनमध्ये अगदी उलट घडले. अभिनेता शियाओ झान याच्याविषयीची एक कथा त्याच्या काही चाहत्यांना अपमानास्पद वाटली. त्यांनी संघटितपणे शासनाकडे तक्रारी केल्या, आणि २९ फेब्रुवारीला 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' चीनमध्ये दिसेनासे झाले. तेथे लिहिणाऱ्या असंख्य चिनी तरुणींचे घर एका रात्रीत गेले. पुढे संतप्त वाचकांनी त्या अभिनेत्याच्या जाहिरातींवर बहिष्कार घातला. तक्रार करणाऱ्यांतही स्त्रिया होत्या आणि घर गमावणाऱ्यांतही. संघटनेचे कौशल्य दोन्हीकडे तेच होते. ते मुक्तीसाठी वापरावे की दुसरीचे तोंड बंद करण्यासाठी, हे त्या कौशल्यात लिहिलेले नसते.

७. समारोप

या साठ वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. स्त्रियांचे बिनमोल श्रम हा कोणाला तरी कच्चा माल वाटत राहतो. २००७ मध्ये तो एका कंपनीला वाटला. २०२५ मध्ये या दप्तरखान्यातील सुमारे सव्वा कोटी कृती कोणीतरी परस्पर उतरवून, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी विदासंच म्हणून एका संकेतस्थळावर ठेवल्याचे उघडकीस आले. संस्थेच्या कायदेशीर हरकतीनंतर तो तेथून हटवला गेला. अठरा वर्षांपूर्वी संस्था, वकील आणि स्वतःची यंत्रे यांचा आग्रह धरला गेला नसता, तर हरकत घ्यायला कोणी उरलेच नसते.

वाङ्मयाच्या शिक्षकाने या इतिहासाकडे का पाहावे, याचे उत्तर येथे आहे असे वाटते. स्त्रियांच्या लेखनाची परंपरा तुटक का, असा प्रश्न आपण वर्गात विचारतो आणि उत्तरादाखल शिक्षणाचा अभाव, घरकाम, सामाजिक बंधने यांची यादी देतो. ती बरोबर आहे, पण अपुरी आहे. लिहिलेले टिकवण्याची यंत्रणा कोणाकडे होती, हाही त्या यादीतील प्रश्न आहे. या चाहत्या स्त्रियांनी तो ओळखला, आणि कुलूप असलेली खोली मिळण्याची वाट न पाहता कोठार बांधायला घेतले. त्या कोठाराच्या दारावरचे 'आमचे' हे सर्वनाम अजून पुरते सार्थ झालेले नाही. ते सार्थ करण्याची मागणी बाहेरच्या कोणा न्यायाधीशाकडून नव्हे, आत लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांकडूनच होते आहे.